रणात जाण्याआधी जतच्या माळावर एक रात्र काढा

माडग्याळच्या बाजूला ओळखीच्यांचा माळ आहे. तिथं आम्ही पहिल्यांदा गाडीत झोपलो, त्या संध्याकाळी मेंढरं घेऊन निघालेले एक मामा थांबले. गाडीभोवती एक फेरी मारली. फळीची खाट बघितली, पंखा बघितला, छोटा फ्रिज उघडून बघितला. मग विचारलं, "समदं हाय, पण पाणी कुठं ठेवलंय?"

आमच्याकडे वीस लिटरचा एक जार होता. माणसं चार.

आम्ही विट्याचे. एमएच दहाची जुनी ट्रॅव्हलर आहे, मागच्या भागात झोपायची आणि स्वयंपाकाची सोय केलेली. तिच्यातून दोन हिवाळे कच्छला जाऊन आलो. तेव्हापासून सांगली-साताऱ्याकडचे बरेच जण विचारतात की आम्हालाही जायचंय, सुरुवात कुठून करू? सुरुवात जतपासून करा, किंवा माण-खटावच्या माळापासून. का, ते पुढे येईलच.

आधी ठिकाण आणि महिना ठरवा

राजस्थानातलं जैसलमेर आपल्याला लांब पडतं. पहिल्या फेरीला कच्छ बरं. विट्याहून भुज बाराशे किलोमीटरच्या आसपास, साताऱ्याहून शंभरेक कमी. एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसवा. कच्छचं रण वाळूचं नाही. पावसाळ्यात तिथं पाणी पसरतं, हिवाळ्यात ते आटतं आणि वर मिठाचा पापुद्रा उरतो. पापुद्र्याखाली चिखल असतो. व्हिडिओत वाळूवरून उडणाऱ्या गाड्या बघून जे कच्छला जातात ते हमखास फसतात, कारण वाळूतल्या युक्त्या त्या चिखलात चालत नाहीत.

रणं दोन. धाकटं रण अहमदाबादहून जवळ पडतं. पाटडी, बजाणा, झैनाबाद ही त्याच्या काठची गावं. तिथं रानगाढवांचं म्हणजे घुडखरांचं अभयारण्य आहे, पाच हजार चौरस किलोमीटरला थोडंच कमी. मोठं रण भुजच्या उत्तरेला. धोरडोजवळचं पांढरं रण, काळा डुंगर, खडीर बेटावरचं धोलावीरा हे सगळं त्या बाजूला.

जायचं डिसेंबर ते फेब्रुवारीत. नोव्हेंबरात रण पुरतं वाळलेलं असेलच असं नाही आणि मार्चपासून ऊन चढतं. पौर्णिमेला पांढरं रण बघायला सगळा देश येतो. गर्दी चालणार असेल तर आपल्याकडच्या माणसांना एक तिथी सुचवतो, मार्गशीर्ष पौर्णिमा, म्हणजे दत्तजयंती. काळ्या डुंगरावर दत्ताचं देऊळ आहे. औदुंबर-नरसोबाच्या वाडीला पिढ्यान्‌पिढ्या जाणाऱ्या आमच्या आईला कच्छच्या टोकाला दत्त भेटला, तेव्हा तिच्या दृष्टीनं सहल तिथंच वसूल झाली. त्या देवळाचा प्रसाद कोल्ह्यांना घालायची जुनी रीत आहे. गर्दी नको असेल तर पौर्णिमा टाळा आणि अमावस्येच्या आसपास जा. तिथल्या चांदण्या मिरज-सांगलीच्या आभाळात दिसत नाहीत.

संक्रांतीच्या आठवड्यात जाऊ नका. गुजरातेत उत्तरायणाची सुट्टी असते, हॉटेलं भरतात, आणि दुचाकीवाल्यांना मांजाचा धोका असतो.

गाडी: बांधायची, भाड्यानं घ्यायची की आहे तीच वापरायची

इथं लोक घाई करतात. गॅरेजवाल्याला गाठतात, सीट काढतात, बेड ठोकतात, छतावर टाकी बसवतात. नंतर कळतं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या रचनेत आपल्या मनानं बदल करता येत नाही. आधी आरटीओत जाऊन विचारा. कारखान्यातच मोटरहोम म्हणून बांधून घ्यायची असेल तर बांधणाऱ्याकडे एआयएस-१२४ या मानकाप्रमाणे मंजुरी आहे का, हा पहिला प्रश्न. रंग, पडदे, सोफा नंतर. विमा कंपनीलाही कळवा. बदल लपवलेली गाडी अपघातात सापडली की दाव्याला तिथंच फाटा फुटतो.

पहिल्या फेरीला यातलं काहीच करू नका असं माझं मत आहे. घरात मोठी गाडी असेल तर सीट न काढता, त्या पाडून वर टाकायची घडीची फळी सुताराकडून करून घ्या. बाभळीची नको, जड होते. प्लायवूड पुरतं. दोघं गाडीत, बाकीचे शेजारी तंबूत. नाहीतर पुण्याहून चालकासह कॅराव्हॅन भाड्यानं मिळते. २०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून हा धंदा थोडा रुळलाय. भाड्याच्या गाडीत चार गोष्टी लिहून घ्या: दिवसाला किती किलोमीटर, गुजरातचा परमिट कर कुणाकडे, कच्च्या रस्त्यावर न्यायला परवानगी आहे का, आणि गाडी अडकली तर टोचनचा खर्च कोण देणार. चौथं कुणी विचारत नाही आणि भांडण त्याच्यावरूनच होतं.

गाडी भरली की वजन करा. यासाठी आपल्यासारखं नशीब कुणाचं नाही, दर दहा किलोमीटरवर वजनकाटा आहे. डिसेंबरात काट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असते, म्हणून पहाटे जा. माणसं, पाणी, गॅस, अंथरूण सगळं आत ठेवून वजन घ्या आणि आरसीवरच्या भरल्या वजनाशी ताडून बघा. आमची गाडी पहिल्यांदा काट्यावर घातली तेव्हा दोनशे किलो जास्त भरली. काटेवाला म्हणाला, "ऊस भरलाय व्हय?" लाकडी कपाट काढलं, छतावरचा डबा काढला. वजनदार सामान खाली आणि चाकांच्या दोन आसांच्या मध्ये ठेवा. छतावर पाणी भरलेली गाडी खंबाटकीच्या वळणावर कशी डोलते, ते तिथंच कळून उपयोग नाही.

पाण्याचा हिशेब

मामांच्या प्रश्नावर परत येतो. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरवर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात माणला पाचशेच्या आसपास. जत, आटपाडी, माणच्या माणसाला पाणी मोजून वापरायला शिकवावं लागत नाही. घागरी मोजतच तो मोठा झालेला असतो. अडचण आपल्यासारख्यांची, ज्यांच्या घरात कृष्णेचं नाहीतर योजनेचं पाणी नळाला येतं.

हिशेब असा. माणशी दिवसाला पिण्याचं ४ लिटर, स्वयंपाक-भांड्यांना ३, हात-तोंड आणि बाकी सगळ्याला ३. एकूण १० लिटर. यात आंघोळ नाही, आंघोळ भुजला. चार माणसं, तीन दिवस पाणी भरायची सोय नाही असं धरा. १२० लिटर झालं. त्यावर एका दिवसाचं राखीव ४० लिटर. एकूण १६० लिटर, म्हणजे वीस लिटरचे आठ जार आणि १६० किलो वजन. दोन तगडी माणसं जास्तीची बसवल्यासारखं ते असतं, म्हणून वजनकाट्याचं आधी सांगितलं.

सगळं पाणी एका टाकीत ठेवू नका. खडबडीत रस्त्यावर टाकीचा सांधा सुटला तर रात्रीत सगळं जातं आणि सकाळी गाडीखाली ओली माती तेवढी दिसते. जार वेगवेगळे ठेवा, पिण्याच्या जारांना लाल दोरी बांधा आणि त्या दोरीला भांडी घासणाऱ्यानं हात लावायचा नाही. भांडी आधी राखेनं नाहीतर कागदानं पुसून घ्या, मग धुवा. निम्मं पाणी वाचतं. भुजच्या उत्तरेला बन्नी हा गवताळ पट्टा आहे, तिथल्या गावांत जमिनीतलं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ असतं, तेव्हा तिथं हातपंप दिसला म्हणून जार रिकामे करू नका. भरायचं ते भुजलाच.

वीज: फ्रिज सोडून द्या

१२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची साधी बॅटरी म्हणजे कागदावर १,२०० वॉट-तास. पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, तेव्हा हातात ६०० धरा. पाच वॉटचे दोन दिवे पाच तास, ५० झाले. वीस वॉटचा पंखा आठ तास, १६०. मोबाइल सगळे मिळून ६०. हे आरामात बसतं. आता ४५ वॉटचा फ्रिज जोडा. तो दिवसात निम्मा वेळ जरी चालला तरी ५४० खातो, म्हणजे एकटाच जवळजवळ सगळी बॅटरी संपवतो. छतावर १०० वॉटचं सोलर पॅनेल असलं तर हिवाळ्यात दिवसाला ४०० मिळतात. तेही फ्रिजला पुरत नाहीत.

जतच्या माळावर आम्ही हेच शिकलो, आणि तेही फुकट. लायटरच्या सॉकेटवर फ्रिज लावून झोपलो. सकाळी चावी फिरवली, नुसतं टक-टक. स्टार्टरचीच बॅटरी उतरलेली. घरमालकांचा ट्रॅक्टर शेजारी उभा होता, जंपर केबल लावली, दहा मिनिटांत गाडी सुरू. हेच खडीर बेटावर झालं असतं तर? म्हणून दोन नियम. मुक्कामाची बॅटरी वेगळी, आणि ती गाडीच्या बॅटरीपासून आयसोलेटरनं तोडलेली. वायरिंग गाड्यांच्या वायरमनकडून करून घ्या, घरच्या नको. बॅटरीच्या टोकापाशीच फ्यूज हवा. दूध टिकवायचा हट्ट सोडा, पावडर न्या.

तालीम

निघण्याच्या महिनाभर आधी शनिवारी दुपारी गाडी भरा आणि ओळखीच्या शेतात जा. जत, कवठेमहांकाळ, आटपाडी, म्हसवड, दहिवडी, कुठंही. गाव जवळ असलं तरी दुकानात जायचं नाही आणि शेतमालकाच्या घरातून काही आणायचं नाही. हा नियम पाळणं अवघड जातं, कारण शेजारच्या वस्तीवरच्या वहिनी तासाभरात भाकरी आणि खर्डा घेऊन येतातच. भाकरी खा, पण वहीत लिहा.

वही महत्त्वाची. काय विसरलं, काय दोनदा हुडकावं लागलं, कोणती वस्तू एकदाही हातात घेतली नाही, ते सगळं लिहा. पाणी मोजा: दहा लिटर धरले होते, किती गेले? आमचे पुढच्या एका तालमीत माणशी सतरा गेले होते. रात्री अंधारात चाक बदलून बघा. जॅक कुठं ठेवलाय, पाना नटाला बसतो का, स्टेपनीत हवा आहे का, हे मोबाइलच्या उजेडात करून बघितल्याशिवाय कळत नाही. आमच्या जॅकखाली घालायला फळीच नव्हती, तो भुसभुशीत मातीत रुतत गेला. तेव्हापासून दीड फुटाची सागवानी फळी जॅकच्या पिशवीतच असते.

आणखी एक बारीक गोष्ट. गाडी सपाट उभी आहे का, हे बघायला पाण्याची अर्धी भरलेली बाटली फळीवर आडवी ठेवा. डोकं उताराला येत असेल तर रात्रभर झोप लागत नाही. चाकाखाली फळी सारा, नाहीतर उशाची बाजू बदला.

तालमीत कुणाला वैताग आला, कुणाची पाठ धरली, कोण रात्री चार वेळा उठलं, हेही दिसतं. आमच्या मेहुण्यांनी जतवरूनच रजा घेतली. वाईट वाटलं नाही, त्यांनाही नाही आणि आम्हालाही नाही.

कागद

आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स, फास्टॅगमध्ये पैसे. साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाडीला साधं एलएमव्ही लायसन्स चालतं. प्रत्येकाचं ओळखपत्र मूळ आणि दोन झेरॉक्स. पांढऱ्या रणाला परवाना लागतो, तो ऑनलाइन किंवा भिरंडियाराच्या नाक्यावर मिळतो. धाकट्या रणातल्या अभयारण्याचा परवाना वनखात्याकडून.

तो सगळा सीमेचा मुलूख आहे. ड्रोन घरी ठेवा. परदेशातून कुणी सॅटेलाइट फोन आणून दिला असेल तर तोही घरीच, परवान्याशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे. जवानांनी थांबवलं तर दिवे मंद करा, आतला दिवा लावा, विचारतील ते सांगा. आणि गुजरातेत दारूबंदी आहे. डिकीच्या कोपऱ्यात विसरून राहिलेली बाटलीही महागात पडते, निघण्याआधी एकदा नीट झाडून घ्या.

रस्ता आणि दिवस

नऊ दिवस काढा. सात दिवसांत होतं, पण मग रण कमी आणि हायवे जास्त.

पहिल्या दिवशी पहाटे चारला निघा. कऱ्हाड, सातारा, पुणे, मग ठाण्याचा घोडबंदर रस्ता, जो अकराच्या आत पार झाला तर नशीब. मुक्काम सुरतेच्या आसपास. साताऱ्याहून पाचशे किलोमीटरच्या पुढेमागे होतात आणि भरलेल्या गाडीला तेवढे पुष्कळ झाले. दुसऱ्या दिवशी बडोदा, अहमदाबाद, विरमगाम करत पाटडी किंवा झैनाबाद. तिसरा दिवस धाकट्या रणाचा. चौथ्या दिवशी सुरजबारी पुलावरून भचाऊ, भुज. भुजला डिझेल, पाणी, भाजी, आंघोळ. पाचवा-सहावा दिवस धोरडो आणि काळा डुंगर. सातव्या दिवशी खावड्याहून थेट धोलावीरा. दोन्ही बाजूंना पांढरं रण आणि मधून सरळ डांबरी रस्ता. त्याच्यावर लोक फोटोसाठी भर रस्त्यात गाड्या थांबवतात, तेव्हा वेग आवरा. धोलावीऱ्याला हडप्पाकालीन शहराचे अवशेष आहेत, २०२१ मध्ये ते जागतिक वारसास्थळ झालं. तिथले दगडात कोरलेले पाण्याचे हौद बघा. रणाच्या मधोमध त्या लोकांनी पावसाचं पाणी कसं साठवलं, हे बघताना मला सारखे ते माळावरचे मामा आठवत होते. मग रापर, भचाऊ आणि दोन दिवस परतीचे.

काळा डुंगर ४६० मीटरच्या आसपास, आपल्या सह्याद्रीपुढं काहीच नाही. पण उतार तीव्र आहे. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक धरून नको.

वाटेतली ओळख जपा. आमच्या खानापूर-आटपाडीकडची आणि तिकडे माण-खटावची गलाईवाली मंडळी देशभरच्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळायचा धंदा करतात. निघण्याआधी गावात विचारा, अहमदाबाद, राजकोट, भुज, कुठंतरी कुणाचा तरी चुलतभाऊ निघतोच. गाडीचं काही मोडलं तर चांगला मेकॅनिक कुठला, हे त्याला ठाऊक असतं आणि तो मराठीत सांगतो.

प्रत्यक्ष रणात

कॅम्परगाडी रणात घालायची नाही. काठच्या गावात उभी करायची आणि आत स्थानिक माणसाच्या जीपनं जायचं. एवढं पाळलं तर पुढचं काही वाचायची गरज नाही. आम्ही पाळलं नाही, म्हणून पुढचं लिहितोय.

पहिल्या वर्षी धाकट्या रणाच्या काठाला मिठागराकडे जाणारी एक कच्ची वाट होती. ट्रॅक्टरचे माग दिसत होते, म्हणून आत गेलो. चार किलोमीटरवर वळवायला म्हणून गाडी मागांच्या बाहेर घेतली, जास्तीत जास्त पंधरा फूट. वरून जमीन अगदी कोरडी, भेगाळलेली, मिठाची साय आलेली. पुढचं डावं चाक भाजक्या पापडावर पाय पडावा तसं खचलं. कडक पापुद्रा दोन बोटांचा, त्याखाली काळा, गटारासारखा वास येणारा चिखल. मी घाबरून ॲक्सिलरेटर दाबला. चाक जागेवर फिरलं आणि निम्मं आत गेलं.

अर्ध्या तासानं मिठागरावरचे अगरिया, म्हणजे मीठ पिकवणारी माणसं, ट्रॅक्टर घेऊन आले. मी दोर काढायला लागलो तर त्यातल्या मोठ्या काकांनी हात केला. "पहेलां पाणी उतारो." आधी वजन कमी करा. गाडीत सात जार होते. त्या लोकांना हिवाळाभर रणात पिण्याचं पाणी टँकरनं येतं. आमचे सहा जार त्यांच्या पिंपात ओतले, मग गोणपाट चाकापुढं सारलं, टोचन लावलं आणि दोन हिसक्यांत गाडी मागावर आली. पैसे घेतले नाहीत. भडंग आणि तासगावचे बेदाणे दिले ते घेतले.

यातून घ्यायचं ते असं. मागांच्या बाहेर चाक टाकायचं नाही, वळायला सुद्धा नाही. वळायला जागा नसेल तर रिव्हर्सनं मागं या. शंका आली तर उतरा आणि टाचेनं जोर देऊन जमीन दाबा. टाच आत गेली किंवा ओल वर आली तर तिथून गाडी जाणार नाही. चाक खचलं की त्या क्षणी पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, सगळे उतरा, सामान उतरवा, फावड्यानं चाकापुढचं काढा, गोणपाट किंवा फळ्या घाला. वाळूत चाकातली हवा ३५ वरून २० पर्यंत उतरवली की पकड येते, मात्र डांबरीवर येताच परत भरावी लागते, तेव्हा बॅटरीवर चालणारा पंप हवा. या चिखलात हवा उतरवून फारसं काही होत नाही. तिथं ट्रॅक्टर लागतो.

मदत दिसत नसेल तर गाडी सोडून चालत सुटू नका. रणात डोंगर नाही, झाड नाही, दुपारी मृगजळामुळे दिशा कळत नाही. गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही. घरी एकाला आधीच सांगून ठेवा: आज अमुक गावातून आत गेलो, सहापर्यंत फोन आला नाही तर ११२ ला फोन करा. नकाशा नेटशिवाय चालेल असा आधीच उतरवून घ्या. आत गेलात तर दुपारी तीनला परत फिरायचं, काही दिसलं नसलं तरी.

बन्नीत वेड्या बाभळीची झुडपं माजली आहेत. तिकडे तिला गांडो बावळ म्हणतात. तिच्या सावलीत गाडी लावली की पंक्चर ठरलेलं. पंक्चर किट, निदान ट्यूबलेसच्या दहा-बारा पट्ट्या, हाताशी ठेवा.

रात्र

मिठावर मुक्काम करता येत नाही आणि अभयारण्याच्या हद्दीतही करू नये. धोरडो, होडको, खावडा, पाटडी, झैनाबाद या भागात भुंग्यांची, म्हणजे मातीच्या गोल झोपड्यांची, घरगुती रिसॉर्टं आहेत. आवारात गाडी उभी करू द्याल का, असं विचारलं की बहुतेक जण थोडे पैसे घेऊन संडास-पाण्यासकट जागा देतात. आम्हाला एकदाही नाही म्हटलेलं नाही. रात्रीचं जेवण त्यांच्याकडेच घ्या, संबंध बरे राहतात. कुणी सुरक्षित जागा दाखवली तरी रस्त्याच्या कडेला झोपू नका, मिठाचे ट्रक रात्रभर पळतात.

थंडी लोकांना फसवते. वाळवंट म्हणून सुती कपडे घेऊन येतात. जानेवारीत कच्छात रात्री पारा दहाच्या खाली सहज जातो, नलियाकडे तर त्याहून खाली. घोंगडं न्या. जतची-माणची असली तर उत्तमच. सकाळी सव्वासातपर्यंत सूर्य उगवत नाही, तेव्हा चहाची घाई करू नका.

चहावरून गॅस. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत घालून नेऊ नका. पाच किलोचा छोटू ओळखपत्र दाखवून मिळतो, नऊ दिवसांना भरपूर होतो. शेगडी गाडीबाहेर, वाऱ्याच्या आडोशाला. झोपताना रेग्युलेटर काढून ठेवा. आणि काचा लावून, आत शेगडी किंवा कोळशाची पाटी पेटवून ऊब करून कधीही झोपू नका. त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. दोन बाजूंच्या काचा दोन बोटं उघड्या असू द्या, थंडी वाजली तरी.

बूट रात्री आत ठेवा आणि सकाळी झाडून घाला. फुरसं आपल्या माळांवर असतं तसं तिकडेही असतं. चावलं तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही. चावलेला भाग हलवायचा नाही आणि १०८ ला फोन करून जवळचं सरकारी रुग्णालय गाठायचं. हा नंबर दोन्ही राज्यांत चालतो.

खाण्याचं फार सांगत नाही. दशम्या तीन दिवस टिकतात, धपाटी दोन. शेंगदाण्याची चटणी, भडंग, बेदाणे न्या. भिरंडियाराला मावा मिळतो, तो खा आणि साताऱ्याच्या कंदी पेढ्याशी तुलना करायचा मोह आवरा. आमच्या गाडीत त्यावरून भुज येईपर्यंत वाद चालला होता. कचरा मात्र सगळा गाडीत परत आणायचा, त्यासाठी झाकणाचा एक डबा वेगळा ठेवा.

घरी आल्यावर

अंघोळीच्या आधी गाडी धुवायला न्या. वरून नव्हे, खालून. वॉशिंगवाल्याला सांगा की गाडी रणातून आलीय, रॅम्पवर चढवून चेसिस, कमानपाटे, चाकांच्या आतल्या बाजू आणि ब्रेकभोवती गोड्या पाण्याचा जोराचा फवारा मार. आम्ही पहिल्या वर्षी आठ दिवस उशीर केला. मागच्या कमानपाट्यांवर तांबडी पूड धरली होती आणि सायलेन्सरची एक क्लिप बोटानं मोडली. दुसऱ्या वर्षी विट्यात शिरण्याआधीच कऱ्हाडात थांबून धुतली. वॉशिंगवाला खाली वाकून बघत होता. बोटावर खरवडून त्यानं जिभेला लावलं आणि म्हणाला, "दादा, खारं हाय की."